शॉकॲब नवे, ओझे जुनेच

टपालाची पोती आणि पार्सले वाहणारी कंत्राटी पिकअप खड्ड्याखड्ड्यांत मागून आदळू लागली की ठेकेदाराकडे एक ठरलेले औषध असते. 'हेवी ड्यूटी' शॉकॲब्सॉर्बरची जोडी आणून तो चालकाच्या हातात ठेवतो. 'रविवारी तूच बसवून टाक, दोन तासांचे तर काम!' गॅरेजची मजुरी ठेकेदाराची वाचली, सुट्टी चालकाची गेली आणि सोमवारी गाडी तेवढाच माल भरून हजर. याला कोणी चालकाचे स्वावलंबन म्हणत असेल तर आमचा त्याला साफ विरोध आहे.

आधी यंत्राची गोष्ट बोलू. शॉकॲब गाडीचे वजन पेलत नाही. मागचे वजन पेलतात ते कमानपाटे. पाटे दबले की उसळतात आणि ती उसळी आवरणे एवढेच शॉकॲबचे काम. नळकांड्यातला दट्ट्या तेलातून वरखाली सरकतो, बारीक वाटांतून तेल ढकलले जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णता होऊन विरते. जाड दट्ट्याचा, गॅस भरलेला शॉकॲब हे काम जास्त चांगले करतो, गाडी कमी डोलते, चाक रस्ता धरून राहते. हे आम्ही नाकारत नाही. पण त्याने गाडीची भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही. धुरा तोच, टायर तेच, ब्रेक तेच आणि नोंदणी पुस्तकातला आकडाही तोच. उलट डोलणे थांबले की जादा माल अंगावर जाणवेनासा होतो, म्हणजे धोका तसाच राहून त्याची सूचना तेवढी बंद होते. ठेकेदाराला हवे असते ते नेमके हेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड ठेवला आहे. तो गाडी चालवणाऱ्याला आहे, चालवायला लावणाऱ्यालाही आहे. पण नाक्यावर हात दाखवून थांबवला जातो तो चालक. मालक तिथे नसतोच.

रेल्वेतल्या बांधवांना हे समजावून सांगायला नको. आयसीएफ डब्याचा हायड्रॉलिक डॅम्पर असो की एलएचबी डब्याचा यॉ डॅम्पर, तोही शेवटी शॉकॲबच. मोठ्या दुरुस्तीला डबा आला की तो उतरवून वर्कशॉपात यंत्रावर तपासतात आणि मगच पुन्हा चढवतात. गार्डचे नाव २०२२ मध्ये बदलून ट्रेन मॅनेजर केले, पण म्हणून डॅम्परचे खोके हातात देऊन 'सुट्टीच्या दिवशी बसव' असे अजून तरी त्याला कोणी सांगितलेले नाही. टपालाच्या चालकाला ते सांगितले जाते, कारण तो कोणाचाच माणूस नाही असे धरून चालतात.

स्वतःच्या हाताने गाडीचे काम करण्यात कमीपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याची स्वतःची गाडी आहे त्याने हे जरूर शिकावे, पण नीट शिकावे. सपाट पक्की जमीन हवी, पुढच्या चाकांना ठोकळे हवेत, चासीखाली घोड्या हव्यात. धुऱ्याला खालून वेगळा आधार हवा, नाहीतर जुना शॉकॲब सुटताच धुरा खाली जातो आणि ब्रेकच्या नळीला ताण बसतो. जोडी बदलायची, एकच बदलायचा नाही. गॅसच्या शॉकॲबचा पट्टा कापताना तोंड बाजूला ठेवावे, दांडा जोरात बाहेर येतो. रबरी बुशाचा बोल्ट अखेरचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. आता सांगा, गाडीतल्या एकुलत्या एका जॅकवर, रस्त्याच्या कडेला, यातले काय पाळले जाणार? जॅक निसटला तर खाली चालकाची छाती असते.

शिवाय हे काम आहे, फावल्या वेळचा छंद नव्हे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने गाडीच्या देखभाल-दुरुस्तीचा वेळ कामाच्या तासांतच धरला होता. हा कायदा पुढे २०२० च्या संहितेत जिरवण्यात आला. पण पुस्तक बदलले म्हणून रविवारच्या घामाचे मोल शून्य होत नाही. ज्याच्या नफ्यासाठी गाडी धावते त्यानेच तो वेळ मोजावा आणि त्याचे पैसे द्यावेत.

टपाल खात्याकडे मेल मोटार सेवा आहे, मुंबईत वरळीला तिचे कार्यालय आहे. मेकॅनिक, वेल्डर, लोहार, टायरमन अशी कुशल कारागिरांची पदे या सेवेत पूर्वापार आहेत. हात आहेत, अवजारे आहेत, अनुभव आहे. कंत्राटी गाडीची सस्पेन्शन तपासणी या कारागिरांकडून करून घ्यावी, तिचा खर्च ठेकेदाराच्या बिलातून कापावा आणि रिकामी पदे भरावीत, अशी आमची मागणी आहे. 'पैसा नाही' हे उत्तर आम्हाला पाठ आहे. ठेकेदाराचे बिल चुकवायला तो असतो.

आणि आपल्यातल्याच काही जणांना एक शब्द. 'कंत्राटी चालक आपला सभासद नाही, त्याचे त्याने बघावे' असे बोलणारे शाखेत आहेत. त्यांनी एवढे पाहावे की पोती चढवता-उतरवताना त्या गाडीच्या फाळक्यावर पाय कोणाचा असतो, आणि गाडी अडली की उशिराचा जाब कोणाला द्यावा लागतो. कायम नोकरीची भिंत उंच करून आपण सुरक्षित राहू हा भ्रम आहे. त्याच भिंतीपलीकडे आपली पदे एकेक करून गेली.

तेव्हा मागणी मान्य होईपर्यंत निदान इतके करावे. फलाटावर किंवा कार्यालयात गाडी लागली की मागच्या शॉकॲबवर तेलाचा ओघळ आहे का, पाटे सरळ झाले आहेत का, हे वाकून पाहावे. तसे दिसले तर गाडीचा क्रमांक व तारीख रजिस्टरात लिहावी आणि एक प्रत शाखा सचिवाकडे द्यावी. नोंद गाडीची करावी, चालकाच्या नावावर काही लिहू नये.