चाकांवरच्या घराला सनद हवी

गृहस्थाने आपले घर आपल्या देखरेखीखाली उभे करावे, चौकट बसली की दारात नारळ फोडावा आणि पुढे हौसेने त्यात एखादी खुंटी, एखादे फडताळ स्वतःच्या हाताने वाढवीत जावे, यात आपल्या समाजाला कधी वावगे वाटले नाही. मग त्याच गृहस्थाने एखादी जुनी व्हॅन घेऊन तिच्या पोटात निजायची फळी, दोन भांड्यांपुरती शेगडी आणि पाण्याची टाकी पक्की बसविली, आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन तो यात्रेला निघाला, तर सरकारच्या दफ्तरी तो दंडास पात्र ठरावा, ही गोष्ट मला न्यायाची वाटत नाही. हा अन्याय दूर करण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवलेली आहे. सरकारने त्या वाटेने जाण्याचे मनावर घेतले पाहिजे, हे या लेखाचे मुख्य मागणे आहे.

बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांतून हे मागणे उठावे, यास कारण आहे. नांदेडहून बिदरमार्गे कलबुर्गीकडे जाणारा आणि पुण्याहून सोलापूर, उमरगा करीत हैदराबादेस पोहोचणारा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग आमच्या हुमनाबादेत एकमेकांना छेदतात. भीमा-अमरजेच्या संगमावरचे गाणगापूर, हुमनाबादेलगतचे माणिकप्रभूंचे माणिकनगर, भालकी तालुक्यातील खानापूरचा मैलार, शरणांचे बसवकल्याण, कलबुर्गीतील बंदेनवाजांचा दर्गा, आणि राज्याची हद्द ओलांडली की तुळजापूर व पंढरपूर, अशा स्थळांच्या वाऱ्यांवर इथल्या कुटुंबांचे वर्ष बेतलेले असते. शिधा, अंथरूण आणि चूल बरोबर घेऊन निघणे ही इथली जुनीच रीत होय. ज्या लमाणांचे तांडे आज कलबुर्गी जिल्ह्यात स्थिर झाले आहेत, त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून, बिऱ्हाडासह या मुलखातून फिरत. आणि आषाढीला पंढरीच्या वाटेवर दिंडीमागून चालणारे मालमोटारींचे घर, ज्यात शेगड्या, तंबू, पखवाज आणि शे-दीडशे माणसांची अंथरुणे एकत्र नांदतात, ते तर दर वर्षी सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. शहरी तरुण ज्याला कॅम्पर म्हणतात, ते आमच्या दृष्टीने परदेशातून आलेले खूळ नाही. चालत्या बिऱ्हाडाची ती आजची पायरी आहे.

भालकीतील एका सुताराच्या पडवीत असे काम चाललेले मी अलीकडे पाहिले. व्हॅनच्या मागच्या भागात बसविण्याचा बाक तो सागाच्या चौकटीवर प्लायवूड चढवून करीत होता. दिवसा दोघांनी त्यावर बसावे, रात्री बिजागरीवरची फळी पुढे उलगडली की त्याचाच पलंग व्हावा, आणि पोटातल्या दोन खणांपैकी एकात अंथरूण तर दुसऱ्यात पिठाचा डबा राहावा, अशी ती योजना होती. साऱ्या चौकटीत खिळा म्हणून एकही नव्हता. रस्त्याच्या हादऱ्यांनी खिळे सैल पडतात, म्हणून प्रत्येक सांधा त्याने नट-बोल्टाने आवळला होता. अचानक ब्रेक लागला तर कपाळ आपटू नये, म्हणून फळीचा प्रत्येक कोपरा रंध्याने गोल केला होता, आणि लाकूड पत्र्यावर घासून कुरकुरू नये, म्हणून मधे नमद्याच्या पट्ट्या घातल्या होत्या. इतक्या बारकाईने हात चालविणारा मनुष्य बेजबाबदार आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

हे काम सुतारकीवर संपत नाही, आणि त्याचे गांभीर्य तिथेच सुरू होते. वैशाखात कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्या पत्र्याच्या गाडीत दुपारी घटकाभरही बसवत नाही. म्हणून छत आणि बाजू यांना आतून उष्णतारोधक थर देणे आणि वरून गरम हवा बाहेर जाईल असा झरोका ठेवणे अपरिहार्य होते. विजेचा हिशेब त्याहून सुबोध आहे. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सुमारे सव्वा युनिट वीज साठते, आणि २४ वॅटचा पंखा रात्रभर, म्हणजे दहा तास, चालला तरी पाव युनिट खर्ची पडत नाही. छतावरचा एक सौर फलक दुसऱ्या दिवशी ही तूट सहज भरून काढतो. परंतु बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज घातला नाही, किंवा तार भारापेक्षा बारीक निवडली, तर हीच सोय आगीचे निमित्त ठरते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो तळाशी साचतो. त्याला बाहेर पडण्यास फरशीच्या पातळीवरच भोक हवे, उंचावरच्या खिडकीचा त्यास उपयोग नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, तेव्हा साठ लिटरांची टाकी म्हणजे गाडीत एक माणूस अधिक बसला. ती दोन आसांच्या मधे, शक्य तितकी खाली असावी. हे ज्ञान गूढ नाही. ते शिकता येते, आणि शिकलेले बरोबर उतरले की नाही हे तपासता येते.

नेमकी ही तपासणी कोणी करीत नाही, कारण तपासणीची व्यवस्थाच एकट्या गृहस्थासाठी अस्तित्वात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने वाहनात करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे खरे; पण ते नमुना-मान्यतेचे मानक आहे, म्हणजे ज्या कारखानदाराला एकाच नमुन्याच्या अनेक गाड्या विकायच्या आहेत, त्याने पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नमुना सादर करून मंजुरी घ्यावी, या हिशेबाने ते रचलेले आहे. भालकीच्या निवृत्त शिक्षकाने आपल्या एकुलत्या एका गाडीसाठी हा खर्च आणि हे सायास कसे करावेत? परिणामी जो प्रामाणिक आहे तो हात आखडता घेतो, जो धाडसी आहे तो चोरून काम उरकतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी न कळविलेल्या फेरफाराकडे बोट दाखवून भरपाई नाकारण्याचा संभव त्याच्या डोक्यावर कायम राहतो.

सुरक्षिततेचा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. आसनांचे पट्टे उपटून टाकलेली, छत कापून कमकुवत केलेली, मागच्या चाकांवर भलताच भार टाकलेली गाडी महामार्गावर येता कामा नये, कारण तिच्यापासूनचा धोका तिच्या मालकापुरता राहत नाही. पण सरसकट मनाईने या गाड्या थांबत नाहीत, त्या नजरेआड होतात. आणि नजरेआड झालेल्या गाडीतली गॅसची नळी कोणत्या दर्जाची आहे, हे मग कोणीच पाहत नाही. ज्याला सुरक्षितता मनापासून हवी आहे, त्याने तपासणीचाच आग्रह धरला पाहिजे.

अशी तपासणी इतर देशांत रुळलेली आहे. ब्रिटनमध्ये घरी रूपांतर केलेल्या व्हॅनचा मालक छायाचित्रांसह वाहननोंदणी खात्याकडे अर्ज करतो, आणि बसण्याची जागा व मेज, निजण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे या गोष्टी पक्क्या बसविलेल्या असून गाडीचे बाह्यरूपही त्याला साजेसे असेल, तर नोंदणीपत्रावर ‘मोटर कॅराव्हॅन’ अशी नोंद होऊ शकते. आपल्याकडे यासाठी नवा कायदाही करावा लागणार नाही. फेरफारांना मान्यता देण्याच्या अटी ठरविण्याचा आणि विशिष्ट प्रयोजनासाठी सूट देण्याचा अधिकार कलम ५२ नेच केंद्र सरकारला दिलेला आहे. त्या अधिकाराखाली एक साधा नियम करावा: एका मालकाच्या एका खासगी गाडीसाठी, माफक शुल्क घेऊन, वजन, आसने व पट्टे, वीज आणि गॅस या चार बाबींची पाहणी व्हावी, आणि ती उतरली की नोंदणीपत्रावर तसा शेरा मारून मिळावा. पाहणीसाठी माणसे दुरून आणण्याचेही कारण नाही. कलबुर्गीचे पी. डी. ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ पासून अभियंते घडवीत आले आहे. भालकी आणि बिदर येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील अध्यापक आणि परिवहन खात्याचा निरीक्षक यांनी एकत्र बसून हे काम करावे. विद्यार्थ्यांना त्यातून जे शिक्षण मिळेल, ते पुस्तकात मिळणारे नाही. हा नियम केंद्राचा असेल तर केए-३९ पाटीच्या भालकीच्या गाडीला लातुरात किंवा उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, निराळी कैफियत द्यावी लागणार नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ज्यांची सोयरिक दोन राज्यांत विभागली गेली, त्या सीमाभागातील माणसाला या एकवाक्यतेचे मोल सांगायला नको.

दुसरे मागणे मुक्कामाच्या जागेचे आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, कर्नाटकानेही आपल्या पर्यटन धोरणात या प्रकाराला स्थान दिले; तथापि भाड्याने फिरणाऱ्या आलिशान गाड्यांइतकाच घरच्या छोट्या व्हॅनचाही विचार त्यांत झाला पाहिजे. गाणगापूर, बसवकल्याण आणि बिदरचा किल्ला यांच्या आसपास कुंपण घातलेले एकेक पटांगण, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि रात्रीचा दिवा एवढे असले तरी पुरे आहे. ज्या बिदरात गीलानहून व्यापारी म्हणून आलेला महमूद गावान पुढे राज्याचा वजीर झाला आणि १४७२ मध्ये मदरसा उभारून गेला, त्या शहराला वाटसरूच्या आदरातिथ्याचे महत्त्व नव्याने पटवून देण्याची गरज पडू नये.

हा धनिकांचा छंद आहे, असे म्हणणाऱ्यांनी सुताराची ती पडवी एकदा पाहावी. ज्या वृद्धेला गुडघ्यांमुळे लॉजचे जिने चढवत नाहीत, ज्या रुग्णाला ठराविक वेळी आडवे व्हावेच लागते, ज्या कुटुंबाला चार रात्रींचे खोलीभाडे परवडत नाही, त्यांच्यासाठी ही गाडी यात्रा घडण्याचे एकमेव साधन ठरू शकते. आणि ज्या सुताराने, वेल्डरने, वायरमनने ती घडविली, त्याला या कामातून गावातच रोजगार मिळतो. बिदर आणि कलबुर्गीच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न संसदेत मांडावा, परिवहन खात्याने नियमाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध करावा, आणि तोपर्यंत आपल्यापैकी जे कोणी असे काम काढतील त्यांनी कायद्याची मर्यादा सांभाळून, उचलून बाहेर ठेवता येईल अशाच सामानावर भागवावे. नागरिकाने नियम पाळावा ही राज्याची अपेक्षा रास्त आहे. पाळता येईल असा नियम राज्याने करावा, ही नागरिकाची अपेक्षाही तितकीच रास्त आहे.