नगरास नाव मिळाले, वस्त्यांचे काय?

धाराशिव हे आमच्या नगराचे जुने नाव. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, पण नाव पुढे पाऊणशे वर्षे कचेऱ्यांच्या पाट्यांवर राहिले. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ साली नामांतराचा निर्णय केला, २०२३ साली केंद्राची संमती मिळाली, आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या. प्रजेस न विचारता राजाने दिलेले नाव लोकांच्या राज्यात बदलले, ह्यात आम्हांस गैर काही दिसत नाही. मात्र हा कोणा धर्माचा पराभव आहे, असे जे मानतील त्यांना ह्या नगराचा अर्थच कळला नाही.

परंतु राजाचे नाव पुसणे सोपे असते; स्वतः दिलेली नावे पुसणे कठीण. आमच्या गावांत वस्ती कोठे कोणाची, हे जातीने ठरविले. वेशीच्या आत कोण, गावकुसाबाहेर कोण, हेही तिनेच ठरविले. आणि महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावे त्या वाटणीची खतपत्रे झाली. तेथील रहिवाशांस ती नावे हवीत की नकोत, हे कोणी विचारले होते? मग निजामाच्या हुकमास जो आक्षेप, तो ह्या हुकमास का नसावा?

राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरविले. निर्णय स्तुत्य आहे. तरी कोणी म्हणेल, पाटी बदलून स्थिती बदलते काय? ह्या शंकेत तथ्य आहे. अमेरिकेत विल्यम पेन ह्यांनी १६८२ साली नगर वसवून त्यास फिलाडेल्फिया, म्हणजे बंधुप्रेम, असे नाव दिले. तरीही त्या बंधुप्रेमाच्या नगरात माणसे गुलाम म्हणून राबत होती, आणि गुलामगिरी क्रमाने बंद करण्याचा कायदा तेथे १७८० साली झाला. नाव आधी आले, न्याय शंभर वर्षे मागून आला.

म्हणून नाव बदलू नये, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. पत्त्यावर जात लिहिली की शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत ती माणसाच्या आधी पोहोचते. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली असता सरकारी कागदाने तिची खूण जपावी, हे कायद्याशीच विसंगत आहे.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जेथे जुनी नावे अद्याप टिकून असतील, तेथील ग्रामसभेने ती काढावीत. नवे नाव त्या वस्तीच्या रहिवाशांनीच निवडावे, गावाने ते वरून लादू नये. आणि त्याच सभेत रस्ता, नळ, गटार व स्मशानभूमी ह्यांचा ठराव मांडावा. गोरोबाकाकांच्या तेरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आम्हांस माणूस कोणत्या आळीतला, हे विचारणे शोभत नाही. समतानगर ही पाटी लावावी, पण तेथपर्यंत गावाचा नळही न्यावा.