खांद्याला विचारा

कर्नाटकातल्या कृष्णराजनगरहून पश्चिमेला, हुणसूर ओलांडून कोडगूत शिरलं की बंदूक ही कपाटातली नव्हे, घरातली वस्तू होते. इथल्या कोडव समाजाला शस्त्रपरवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, आणि सप्टेंबरातल्या कैलपोळ्द सणाला बंदुकीला फुलं वाहून तिची पूजा होते. शिकार मात्र 1972 च्या वन्यजीव कायद्याने संपली. त्यामुळे रायफल किती वजनाची असावी हा वाद आता चहाबरोबरच रंगतो. तो रंगावा असाच आहे. हलकी रायफल डोंगर चढताना देवमाणूस वाटते, पण घोडा ओढला की खांद्यावर अशी लाथ मारते की पुढच्या वेळी माणूस आधीच डोळे मिटतो, आणि नेम तिथेच जातो. जड रायफल तो धक्का स्वतः पिते. तिची किंमत दुपारपर्यंत मान आणि दंड मोजतात. शिकारी जिम कॉर्बेटने यावर एकच उत्तर मानलं नाही. पायपिटीला त्याची .275 रिग्बी रायफल होती, हलकी. काडतूसच सौम्य, म्हणून हलकेपणा परवडायचा. वाघासाठी त्याच्याकडे .450/400 ची दुनळीही होती, जवळपास पाच किलोची. म्हणजे आधी काडतूस ठरवा, मग वजन. दुकानात काट्यावर ठेवलेला आकडा तसा फसवाच: दुर्बीण, पट्टा, गोळ्या चढल्या की किलोभर सहज वाढतं. त्यातही वजन दोन हातांच्या मधोमध बसलं तर चार किलोही जाणवत नाहीत. नळीकडे झुकलं, तर तीन किलोसुद्धा हात थरथरवतात.