घरचं घरी : मशीनखालचं पाणी

कपडे धुण्याचं मशीन आता आपल्या वस्तीतही पुष्कळ घरांत आलं आहे. बहुतेकांकडे दोन टबांचं असतं, एका बाजूला धुवायचं आणि दुसऱ्या बाजूला पिळायचं. आमचं भिशीच्या पैशांतून आलं. जिने वीस-पंचवीस वर्षं मोरीत उकिडवं बसून गोधड्या आपटल्या, तिलाच त्याचं मोल विचारावं.

२०२२ च्या डिसेंबरात एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या मावशी दारात उभ्या राहिल्या. "पोरी, वर काही सांडतंय का गं? सुनेच्या बाळाच्या पाळण्यावर पाणी टिपकतंय." पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. मशीन सरकवून पाहिलं तर खाली तळं! लाजेनं मला बोलता येईना. त्यांनी पाळणा दुसऱ्या भिंतीला नेला, मी मशीन बंद केलं आणि पुन्हा मोरीत बसले.

मेकॅनिक आला. मशीन न उघडताच म्हणाला, "सील गेलं. गिअरबॉक्सच बदलावा लागेल." आकडा सांगितला तो माझ्या अर्ध्या पगाराचा. विचार करून सांगते म्हटलं आणि चहा देऊन त्याला पाठवलं.

मग मनात आलं, पाणी नेमकं कधी गळतं हे तर कुणीच पाहिलं नाही. रविवारी मशीनखालची फरशी कोरडी पुसली, जुने पेपर पसरले आणि धाकट्याला बॅटरी घेऊन बसवलं. टब भरला, पेपर कोरडे. पाणी पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, पेपर कोरडे. धुण्याचं चक्र फिरवलं, तरी कोरडे. पाणी सोडायचं बटण फिरवलं मात्र, धाकटा ओरडला, "आई, आलं!" म्हणजे टबाचं सील शाबूत होतं. दोष होता पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपात.

तुमच्याकडे निराळं असू शकेल. टब भरतानाच गळत असेल तर नळाकडचा पाइप पाहा, बहुतेक वेळा आतला वायसर झिजलेला असतो. नुसत्या भरलेल्या टबातून खाली थेंब पडत असतील तर तळाच्या चक्रीच्या दांड्याचं सील गेलेलं असू शकतं. फक्त पिळताना गळलं तर पिळायच्या टबाखालच्या रबराचा संशय घ्यावा. ही दोन्ही कामं मेकॅनिकचीच. आणि बटण न फिरवताच बाहेरच्या पाइपातून पाणी वाहत असेल तर पाणी अडवणारा रबरी झडप पुरता बसत नाही. तिथे केसांची पिन, बटण, नाणं, दोऱ्यांचा गुंता असं काहीबाही अडकतं. खिसे तपासून कपडे टाकले तर निम्मा त्रास वाचतो, पण आमच्या घरातले पुरुष ऐकतील तर ना!

पाणी पुरतं काढलं, पिन बोर्डातून उपसली आणि दोघांनी धरून मशीन गोधडीवर आडवं केलं. पाइपाला दोन भोकं, कडेला दातांच्या खुणा. उंदीर! आधी चिकटपट्टी गुंडाळून पाहिली, ती दोन दिवसांत सुटली. नागमोडी, ओल्या पाइपाला ती धरत नाही. मग जुना तुकडा सोबत नेऊन त्याच मापाचा नवा पाइप आणला. गिअरबॉक्सच्या मानानं खर्च किरकोळच. पकडीनं क्लिप दाबून जुना काढला, नवा पुरता आत सारला, क्लिप पुन्हा बसवली. मशीनच्या तळाला जाळीही लावून घेतली.

आणखी एक चूक आमचीच होती. पाइप आम्ही खिळ्याला उंच टांगत होतो. या साध्या मशीनला पाणी वर फेकणारा पंप नसतो, पाणी आपल्या वजनानं उतरतं. पाइप उंच राहिला की पाणी आतच तुंबतं आणि असेल त्या भोकातून वाट काढतं. आता तो मोरीत खाली सोडलेला असतो.

खरी धास्ती पुढेच होती. गेले दोन महिने ओले कपडे काढताना बोटांना मुंग्या येत होत्या. थंडीनं येत असतील म्हणून मी गप्प बसले होते. गळतीच्या निमित्तानं ओळखीचा वायरमन बोलावला. त्यानं बोर्ड उघडून दाखवलं, अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, आत नुसती लोंबत होती. ओली फरशी, अनवाणी पाय, खेळणारी पोरं, आणि ही अशी वायर! त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानं अर्थिंग जोडून दिलं, मशीनमधली उघडी पडलेली वायर बदलली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वीज कुठे अंगातून वा ओलीतून जमिनीकडे जाऊ लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. तुमच्याकडे मुंग्या येत असतील तर गळती राहू द्या, आधी वायरमनला बोलवा. आणि मशीनची पाठ स्वतः उघडू नका. मोटारीच्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही वीज साठून राहू शकते.

मावशींच्या छतावर डाग पडला होता, तिथे आमच्या खर्चानं चुन्याचा हात मारून दिला. पाळणा पुन्हा जुन्या जागी आला. मावशी मात्र पुढे महिनाभर रोज सकाळी वर बघत होत्या, असं त्यांच्या सुनेनंच मला सांगितलं.