सड्यावरचे बेडूक मोजायचे तर पावसात मोजा



कोकणातल्या सड्यावर चिरेखाण, कलमांची बाग किंवा मोठा प्रकल्प यायचा म्हटला की ‘कातळच तर आहे, तिथे आहे काय?’ असे हमखास विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आपण भलत्याच महिन्यांत शोधतो. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नियमांनुसार बहुतेक प्रकल्पांना एकाच ऋतूची पायाभूत माहिती पुरते आणि तो ऋतू पावसाळा सोडून निवडायचा असतो. हवेतली धूळ मोजायची तर यात तथ्य आहे. पावसात धूळ बसते. मात्र त्याच कोरड्या महिन्यांतली जीवसृष्टीची यादीही त्याच अहवालात जाते. मार्चमध्ये सड्यावर फिरणाऱ्याला करपलेले गवत आणि तापलेला जांभा दिसेल, आणि तो प्रामाणिकपणे ‘विशेष काही आढळले नाही’ असे लिहील. छोट्या चिरेखाणींना तर बऱ्याचदा असा सविस्तर अहवालही द्यावा लागत नाही. जगातल्या सुमारे ४१ टक्के उभयचर जाती धोक्यात असल्याचे २०२३च्या जागतिक मूल्यमापनात दिसले, सरपटणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे निदान सड्यांपुरता तरी हा धोका मोजायच्या आधीच नाहीसा होतो, कारण मोजणारा आणि बेडूक यांची गाठच पडत नाही.

मृगाच्या सरी आल्या की कातळातले खळगे भरतात. आंबोली टोड अशाच उथळ डबक्यांत अंडी घालतो, आणि पाणी आटण्याआधी त्याच्या बेडूकमाशांना वाढ पुरी करावी लागते. हा टोड २००९ साली शास्त्रीय नावाने जगापुढे आला. आंबोली-चौकुळचा थोडा टापू सोडला तर तो कुठे माहीत नाही, आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले डोर्ले हे गाव आंब्याच्या बाजारात फारसे गाजलेले नसेल, पण प्राणिशास्त्रात त्याचे नाव दोनदा आले आहे: १९६३ साली पांढऱ्या पट्ट्यांच्या एका पालीसाठी आणि २००३ साली एका देवगांडुळासाठी. देवगांडूळ म्हणजे बिनपायाचा, मातीत राहणारा उभयचर. पावसात तो वर आला की लोक त्याला साप समजून ठेचतात, बाकीचे आठ महिने तो दिसतच नाही. जगभरातल्या देवगांडुळांच्या कित्येक जाती ‘माहिती अपुरी’ या रकान्यात पडून आहेत यात नवल नाही. त्या रकान्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा सरकारी टेबलावर सर्रास लावला जातो, ते मात्र घातक आहे.

यावर पहिला आक्षेप असा की अभयारण्ये आहेत, व्याघ्रप्रकल्प आहे, कासला जागतिक वारशाचा मान आहे, मग आणखी काय हवे? पण ही सारी व्यवस्था मुख्यतः घाटमाथ्यावरची आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कमी उंचीचे सडे जवळजवळ सगळे तिच्याबाहेर, खाजगी किंवा गावकीच्या मालकीचे आहेत. दुसरा आक्षेप असा की इतक्या छोट्या टापूत राहणारी जात आज ना उद्या जायचीच. टापू छोटा असणे नैसर्गिक आहे, हे खरे. पण म्हणूनच एका खाणीचे मोल तिथे वेगळे ठरते. सगळा सह्याद्री व्यापणाऱ्या बेडकाला चार एकर गेल्याने फरक पडत नाही, याचे मात्र चार एकरांतच सारे संपू शकते. तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे: माणसाचा वावर वाढला की काही प्राणी वाढतात, म्हणजे नुकसान कुठे? साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर असे घडले आहे. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले आणि सरड्यांची दाटी वाढली, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पण तेच सरडे वजनाने हलके होते, नरांचे रंग फिके होते आणि माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत. नुसती डोकी मोजणाऱ्याने याला संवर्धन म्हटले असते.

राहिला पोटापाण्याचा मुद्दा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सुरुंग लावून कातळ फोडणारा, बाहेरून माती आणून कलमे रुजवणारा शेतकरी हौसेने ते करत नाही. त्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा म्हणूनच लागलेली असते, आणि चिऱ्यावाचून कोकणात घर उभे राहत नाही. म्हणून सरसकट बंदीची मागणी मला मान्य नाही. ती टिकणार नाही आणि गावाला बेडकाचा वैरी करून ठेवील. मागणी एवढीच आहे की सड्यावरच्या गौण खनिज परवान्याला आणि अकृषिक परवानगीला जून-जुलैतली, रात्रीचीही, एक पाहणी जोडावी. खर्च परवाना मागणाऱ्या कंपनीने सोसावा, एका बागेपुरता अर्ज असेल तर शासनाने. उशीर फार तर एका पावसाळ्याचा. ज्या खळग्यांत अंडी सापडतील तेवढे कातळ सोडून, शक्यतो आधीच फोडलेल्या जागेला लागून, खाण हलवता येते.

यासाठी नवा कायदाही नको. २००२च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या एका छोट्या माशासाठी राज्य शासनाने २०२१ साली २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. मासा बाराही महिने पाण्यात दिसतो, ही त्याची सोय. टोड थोडेच दिवस दिसतो. त्या दिवसांत कोणाला सड्यावर पाठवायचे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाने मे महिन्यातच ठरवायला हवे.

— एक वाचक, रत्नागिरी