घरची बोली आणि शाळेची भाषा

गतवर्षी पालकदिनी एक लहानसा प्रसंग आमच्या दृष्टीस पडला. वऱ्हाडातून आलेल्या एका विद्यार्थ्याची आई वसतिगृहाच्या पडवीत उभी राहून मुलाच्या सोबत्यांची ममतेने चौकशी करीत होती. बोलता बोलता ‘शाळे’ची ‘शाया’ झाली, ‘डोळ्या’चा ‘डोया’ झाला, आणि दोघा-तिघा मुलांना हसू आवरेना. त्यांचे हसणे पोरबुद्धीचे म्हणून सोडून देता आले असते. परंतु खुद्द तिच्या मुलाने मान खाली घालून आईस गप्प राहण्याची खूण केली, ते मात्र आमच्या जिव्हारी लागले. ज्या बोलीत त्या माउलीने त्यास पहिला शब्द शिकविला, त्याच बोलीची त्यास लाज वाटू लागली होती. ही लाज त्यास कोणी शिकविली, असा विचार करू लागता थोडा दोष आम्हा शिकविणाऱ्यांच्या पदरीही येतो.

आम्ही वर्गात ‘शुद्ध’ व ‘अशुद्ध’ हे दोन शब्द फार सैलपणे वापरतो. परीक्षेच्या कागदावर कसे लिहावे, हे सांगणे आमचे कर्तव्यच आहे. परंतु लोक खरोखर कसे बोलतात, तसे का बोलतात, आणि त्या बोलण्यात कोणती व्यवस्था आहे, हा प्रश्न निराळा. त्याचा शोध घेणाऱ्या विद्येस भाषाशास्त्र म्हणतात. वरच्या वर्गांतील मुलामुलींस या शास्त्राची तोंडओळख करून दिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते केवळ ज्ञानवृद्धीसाठी नव्हे, तर वर सांगितलेल्या लाजेवर तेच खरे औषध आहे म्हणून.

त्या माउलीचेच शब्द घ्या. वऱ्हाडात ‘काळा’ तो ‘काया’, ‘केळी’ ती ‘केयी’. परंतु ‘लाल’चे ‘लाय’ किंवा ‘माल’चे ‘माय’ कोणी करीत नाही. म्हणजे ‘ळ’ बदलतो, ‘ल’ जागचा हलत नाही. जीभ अडखळली असती, तर ती कोठेही अडखळली असती. येथे तर नियम आहे, आणि तो निरक्षर आजीसही अचूक पाळता येतो. हसणाऱ्या मुलांनी आपलेही बोलणे तपासून पाहावे. ‘माझा’ आणि ‘माझी’ हे दोन शब्द मोठ्याने उच्चारा. अक्षर एकच, परंतु पहिल्यातील ‘झ’ दातांजवळ उमटतो व दुसऱ्यातील टाळूजवळ. हा भेद तुम्हांस कोणत्या इयत्तेत शिकविला? कोणत्याही नाही. तो तुम्ही आईच्या मांडीवर शिकलात. वऱ्हाडच्या मुलानेही आपला नियम तेथेच उचलला.

ही दृष्टी परदेशातून आलेली नवलाई आहे, असे कोणी समजू नये. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृताची घडण बांधली, तेव्हा पूर्वेकडील व उत्तरेकडील आचार्यांची निराळी मतेही नोंदविली. महाभाष्यकार पतंजली तर असे सांगतात की, घडा हवा असता मनुष्य कुंभाराकडे जाऊन तो घडवून घेतो. पण शब्द हवेत म्हणून वैयाकरणाकडे जाऊन ते कोणी घडवून मागत नाही. शब्द लोकांत आधीच नांदत असतात. खुद्द पतंजलींनी ‘गौः’ या शब्दाचे जे अपभ्रंश दिले आहेत, त्यांत ‘गावी’ हे रूप आहे. आपली ‘गाय’ त्याच घराण्यातली. कालचा अपभ्रंश आज क्रमिक पुस्तकात मानाने बसला आहे. मग आजच्या बोलीस हिणविण्याचा अधिकार कोणास?

परक्यांनी मराठी शिकली, तीही कान देऊन. विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले व १८१० साली कोश प्रसिद्ध केला. पुढे जॉर्ज ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानातील भाषांची पाहणी १८९४ साली आरंभून १९२८ साली पूर्ण केली. तीत १७९ भाषा व ५४४ बोली नोंदविल्या गेल्या. तुलना करता यावी म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या लोकांकडून एकच कथा आपापल्या बोलीत मागविली, आणि ती कथा होती उधळ्या पुत्राची. मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात पुण्याच्या मराठीशेजारी वऱ्हाडीही बसली आहे, आणि दोहोंची परीक्षा एकाच काट्यावर झाली आहे.

येथे पालक विचारतील, “मग मुलांनी प्रमाण मराठी शिकू नये की काय?” शिकलीच पाहिजे, आणि उत्तम शिकली पाहिजे. गोंदियाच्या मनुष्याने लिहिलेले सावंतवाडीच्या मनुष्यास कळावे, अर्ज, न्यायालय, ग्रंथ यांचा व्यवहार सुरळीत चालावा, यासाठी एक सामाईक भाषा अवश्य हवी. परंतु तो मान पुण्याकडील बोलीस मिळाला तो राज्यसत्ता, छापखाने व शालेय पुस्तके यांच्या योगाने. तिच्या अंगी काही निराळे पावित्र्य होते म्हणून नव्हे. सणासुदीचा पोशाख अंगावर चढविताना घरची वस्त्रे कोणी जाळून टाकीत नाही. ज्या मुलास दोन्ही भाषा येतात व कोठे कोणती बोलावी हे कळते, तो एका भाषेच्या मुलापेक्षा श्रीमंतच होय.

शेवटी एक सूचना. या उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक कोरी वही गावी न्यावी. आजी-आजोबांचे, शेतातील, चुलीजवळचे, होडीवरचे जे शब्द पुस्तकात आढळत नाहीत, ते जसे ऐकू येतील तसे लिहावेत, आणि त्यांत काही नियम दिसतो का, हे शोधावे. पालकांनी त्यास वेळेचा अपव्यय म्हणू नये. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आम्हांस अभिमान आहे. पण ती भाषा वाढली अशाच घरांतून, अशाच तोंडांतून.

पुढील पालकदिनी ती माउली पुन्हा येईल. त्या वेळी तिच्या मुलाने मान वर करून तिच्याशी तिच्याच बोलीत बोलावे, आणि सोबत्यांनी कान देऊन ऐकावे. एवढे झाले, तर भाषेचा आमचा तास सार्थकी लागला, असे आम्ही समजू.