ऑफ की फ्रीझ?

दिवाळीत घरी, म्हणजे यवतमाळला गेलो होतो. शाळेतल्या एका मित्राचं आर्णी रोडवर छोटंसं ड्राफ्टिंगचं ऑफिस आहे. चहाला म्हणून गेलो, तर हा ऑटोकॅडमध्ये झूम करून खिडकीबाहेर बघत बसलेला. "अबे, मशीन बदलाच लागते आता. साठ हजाराचा खड्डा!"

सिव्हिलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण एखादी गोष्ट हळू का चालते हे शोधायची धंद्यातली खोड. लेअरची यादी उघडली. चारशेच्या वर लेअर! 'नवीन', 'नवीन२', 'साहेब फायनल'... चार जणांच्या फायलींतून कॉपी-पेस्ट होत आलेला लेआऊट. कंटूर आणि हॅच त्याने बंद ठेवले होते खरे, पण सगळे 'ऑफ' करून. घोडं इथेच पेंड खात होतं. ऑफ केलेला लेअर फक्त दिसत नाही. रीजन होताना ऑटोकॅड त्यावरची रेघ न्‌ रेघ मोजतंच. 'फ्रीझ' केलेला लेअर हिशेबातूनच वगळला जातो. मग कंटूर-हॅच फ्रीझ केले, न वापरलेले लेअर आणि ब्लॉक पर्जने काढले, एकावर एक पडलेल्या रेघा ओव्हरकिलने. फाईल पळायला लागली. मी कॉलर ताठ करून पुण्याला परत :)

पंधरा दिवसांनी फोन. लेआऊट सर्व्हेच्या कोऑर्डिनेट्सवर न्यायचा म्हणून याने 'मूव्ह', 'ऑल' केलं. प्लॉट, रस्ते, नाल्या सगळं सरकलं, कंटूर मात्र जुन्याच जागी! कारण 'ऑल'मध्ये ऑफ लेअरवरच्या वस्तू येतात, फ्रीझ केलेल्या येत नाहीत. लॉक केलेल्याही जागच्या हलत नाहीत. प्रिंट निघाले, साईटवर गेले. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी लेव्हल बघून विचारलं, "पाणी चढावर जाते काय भाऊ?" नशीब, खोदकाम सुरू व्हायचं होतं.

चूक निम्मी माझी. वेग कसा वाढतो ते सांगितलं, किंमत सांगितली नाही.

तरी माझं मत बदललेलं नाही. फ्रीझच करावं, पण काही हलवायच्या आधी सगळे लेअर थॉ आणि अनलॉक करावेत. सारखं दाखवायचं-लपवायचं असेल तिथे ऑफ ठीक, कारण थॉ केलं की रीजनला वेळ जातो. आणि नावं! अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने १९९० मध्येच लेअरच्या नावांचे नियम छापले, १९९८ मध्ये आयएसओ १३५६७ आलं. आपल्या तीन माणसांच्या ऑफिसला एवढं सोवळं नको. भिंतीवर चिकटवलेला एक कागद पुरे: कंटूर, गटाची हद्द, रस्ता, नाली, मजकूर. रंग, लाईनटाईप सगळं 'बायलेअर'.

मित्राने कागद चिकटवलाय. त्यावर सगळ्यात वर लाल पेनने लिहिलंय: 'मूव्हच्या आधी थॉ'. मशीन अजून जुनंच आहे.